गुलाबी टिकलीचा सेट

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी जळकी बाई आहे. माझी आई म्हणायची, सासू म्हणायची, सून तोंडानं म्हणत नाही पण तिच्या डोळ्यांत मला वाचता येतं. शेजारणीच्या कुंडीतला मोगरा माझ्यापेक्षा जास्त फुलला तरी माझ्या पोटात दुखतं. पण मनापासून, अगदी हाडांपर्यंत जळले ती एकाच बाईवर. आणि भांडण साडीचं नव्हतं, दागिन्याचं नव्हतं, नवऱ्याचं तर मुळीच नव्हतं. ते होतं ॲम्प्लिफायरच्या शेवटी बसवलेल्या दोन ट्रान्झिस्टरांचं.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं. प्रताप नगरात मालकांच्या घरामागं एक लांबोळकी खोली होती आणि तिला लागून टिनाचं शेड. तेवढाच आमचा कारखाना. मालक मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. लग्नातले, गणपतीतले, सभेतले लाउडस्पीकरवाले व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे जडशीळ सेट वाहून कंटाळले होते, त्यांना मालक ट्रान्झिस्टरचे साठ वॅटचे सेट बनवून द्यायचे. डाग लावायला, म्हणजे सोल्डरिंगला, बायांचा हात चांगला असतो असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून आम्ही चारपाचजणी बायाच कामाला होतो.

त्यांत मी शेवटच्या टेबलावर. हे शेवटचं टेबल म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. बाकीच्या बाया पार्ट बसवणार, तारा जोडणार. शेवटच्या टेबलावरची बाई शेवटचे दोन ट्रान्झिस्टर लावणार, सेट चालू करणार, तो पास की नापास ते ठरवणार. लाउडस्पीकरवाले आले की मालकांशी बोलणं झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणायचे, "बाई, चांगला पाहून द्याजा." मला घरी कोणी कधी काही विचारून करत नव्हतं. नवरा छापखान्यात, तोही आईला विचारून चहा प्यायचा. एवढ्या मोठ्या नागपुरात मला विचारून चालणारी एकच गोष्ट होती, आणि ती त्या टेबलावर होती. आणि हो, त्या खोलीतला एकुलता एक कूलर त्या टेबलाच्या मागच्या खिडकीत बसवलेला होता. उन्हाळ्यात खसचा, म्हणजे वाळ्याचा, गार वारा थेट माझ्या पाठीवर. बाकीच्या बाया काही ना काही निमित्त काढून माझ्याकडं येऊन उभ्या राहायच्या. मी म्हणायची, "झालं का काम? मंग जागेवर जा."

आता त्या दोन ट्रान्झिस्टरांबद्दल. पेढ्याएवढे, धातूची टोपी घातलेले. मागं काळ्या पंखांची ॲल्युमिनियमची पट्टी असते, हीटसिंक, तिच्यावर अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट लावून ते आवळायचे. आधीचं सगळं सर्किट नुसतं बोलतं, भोंग्याला खरं ढकलतात ते हे दोघं. आवाजाची अर्धी लाट एक ढकलतो, अर्धी दुसरा. दोन बाया पाण्याची घागर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात ना, तसं. दुसरीनं हात आधीच पुढं केला नसेल तर पाणी सांडणार. म्हणून सेट गप्प असतानाही दोघांना थोडाथोडा करंट पाजून जागं ठेवावं लागतं. त्याला बायस म्हणतात. बायस कमी पडला तर हळू आवाजात खरखर येते, घागर सांडल्यासारखी. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आपणहून जास्त करंट ओढतो, जास्त ओढला की आणखी तापतो, आणि मग फट्. धूर, वास, आणि मंडपात शंभर लोक तुमच्या नावानं खडे फोडणार.

हा बायस एका बारक्या स्क्रूनं ठरवायचा. मीटर जोडायचा, काटा पन्नासवर आणायचा आणि स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. वाळला की स्क्रू पक्का. माझी बाटली लाल. सेटचं झाकण उघडलं की आत लाल टिकली दिसायची. लाउडस्पीकरवाले पण तिला टिकलीच म्हणायचे. सहा वर्षं नागपूरपासून काटोल-उमरेडपर्यंत जेवढे आमचे सेट वाजत होते त्या सगळ्यांच्या पोटात माझी लाल टिकली होती. बसमधून जाताना कुठं भोंगा ऐकू आला की मी मनातल्या मनात म्हणायची, हा माझा.

मग ती आली. कळमेश्वरची. दिवाळी झाली होती, हवेत गारवा होता. सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची. माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी लहान, सावळी, बारीक, बोलणं कमी. आयटीआयचा रेडिओचा कोर्स केलेली. मी तो केला नव्हता, मी हातानं शिकलेली, हे मालक येताजाता सांगायचे, "आता आपल्याकडं शिकलेली बाई आली." मग आम्ही काय म्हशी राखत होतो का इतकी वर्षं?

काम वाढलं होतं म्हणून मालकांनी तिला माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं, तिलाही शेवटचं काम दिलं. तिनं आपली बाटली आणली. गुलाबी. फिक्कट, पोरीबाळी लावतात तसली. पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यात खुपली.

आणि तिची काम करायची पद्धत! मी दिवसाला आठ सेट पास करायची. चालू केला, दहा मिनिटं थांबले, काटा पन्नासवर, टिकली, पुढचा. ही बया तीन करायची. तीन! सेट चालू करून तासभर तसाच वाजवत ठेवायची. मग आवाज अगदी कमी करून स्पीकरला कान लावून बसायची, देवळात बसल्यासारखी. मध्येच हीटसिंकवर बोट ठेवून ओठांत आकडे मोजायची. मी एकदा विचारलं, "काय वं, काय मोजून राहिली?" तर म्हणे, "दहापर्यंत बोट ठेवता आलं पाहिजे बाई. नाही ठेवता आलं तं जास्त तापून राहिला."

मला हसू आलं. पण त्यानंतर तिनं माझ्या एका पास झालेल्या सेटला कान लावला आणि म्हणाली, "बाई, याच्यात हळू आवाजात थोडी खरखर आहे." मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. मालकांना बोलावलं, त्यांनी कान लावला, भुवया वर गेल्या. म्हणाले, "हो हो, आहे बरं का! काय कान आहे पोरीचा!" आता सांगा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला नसता तर कोणाचा झाला असता? सहा वर्षं मी त्याच टेबलावर बसत होते आणि माझ्या कानाबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहून स्वतःचे कान पाहिले, खोटं नाही सांगत.

संक्रांतीच्या सुमारास तिनं मला आणखी एक विचारलं. आमच्या सर्किटमध्ये एक छोटा डायोड होता. त्याचं काम एवढंच की गरमी वाढली की बायस आपोआप कमी करायचा, रखवालदारासारखं. तो आमच्या सेटमध्ये दूर, तारा जोडायच्या पट्टीवर लावलेला असायचा, कारण तिथं लावायला सोपा. ती म्हणाली, "बाई, हा डायोड हीटसिंकले चिकटवून काहून नाही लावत? दूर बसून त्याले काय समजणार ट्रान्झिस्टर तापला का थंडा आहे?"

मी म्हटलं, "तू कालची आलेली. मले शहाणपण नको शिकवू. मालकानं डोकं लावूनच केलं असन नं?"

"हाव बाई," म्हणाली, आणि खाली मान घालून कामाला लागली. तिचा हा गुण मला सर्वांत जास्त झोंबायचा. भांडायचीच नाही. माणसानं भांडायचं तरी कोणाशी?

होळी झाली, कूलर सुरू झाला. ती आता कूलरच्या वाऱ्यात माझ्या शेजारी बसणार, या विचारानंच मला चैन पडेना. मी मालकांकडं गेले. म्हटलं, "एका टेबलावर दोघींची गर्दी होते, मीटरच्या तारा गुंततात. तिच्यासाठी शेडमध्ये टेबल टाका. तिले सेट तासतासभर वाजवायचे असतात, तथी वाजवन." मालकांना पटलं. तिला शेडमध्ये बसवलं.

नागपूरचा उन्हाळा, वर टीन, मे महिना. दुपारी त्या शेडमध्ये पाय ठेवला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटायचं. ती डोक्याला ओला पंचा बांधून बसायची. मी खिडकीतून पाहायची. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. गार वारा पाठीवर घेत मी म्हटलं, आता लाव म्हणावं कान.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात सेट परत यायला लागले. एप्रिलमध्ये दोन, मग आठवड्याला एक. सगळ्यांची एकच गत. मंडपात भर दुपारी शेवटचे ट्रान्झिस्टर जळालेले. मालक झाकण उघडायचे. लाल टिकली. दुसरा उघडायचे. लाल. गुलाबी एकही नाही. आधीच्या उन्हाळ्यांतही एखाददुसरा यायचा, पण तेव्हा ट्रान्झिस्टरच खराब निघाला म्हणून मोकळं होता यायचं. आता शेजारी दुसरा रंग होता ना!

लाउडस्पीकरवाल्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? महिन्याभरात त्यांच्यात बातमी पसरली. दारात आले की पहिलं वाक्य, "गुलाबी टिकलीवाला आहे का जी?" माझ्या तोंडावर! कोणाला वाटत नव्हतं की समोर बसलेली बाई म्हणजेच ती लाल टिकली आहे. किंवा वाटत असेल, आणि फिकीर नसेल.

माझी खात्री झाली की मालक तिला चांगला माल देतात. ट्रान्झिस्टर सारख्या ताकदीचे पाहून जोडी लावावी लागते, तशा जोड्या आम्ही दोघी कागदाच्या पुड्यांत बांधून आपापल्या डब्यात ठेवायचो. एक दिवस ती जेवायला झाडाखाली बसली असताना मी शेडमध्ये गेले आणि तिच्या डब्यातल्या दहा पुड्या माझ्या डब्यात, माझ्या तिच्या डब्यात. चोरी नाही, अदलाबदल, असं मी स्वतःला समजावलं. तिचे ट्रान्झिस्टर माझ्या सेटमध्ये बसले. दहा दिवसांत त्यातलाही एक सेट जळून आला. आणि माझे ट्रान्झिस्टर लावलेले तिचे सेट? मजेत वाजत होते. म्हणजे माल तोच होता. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट रडू आलं. मालाचा दोष नाही तर मग कोणाचा राहिला?

त्याच दरम्यान मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "यानंतर ज्याचा सेट परत आला, त्याचं या कारखान्यात काम नाही. आणि बाई, हा सीझन संपला का शेवटचं टेबल मी तिच्याकडं देणार आहे. तुम्ही तारा जोडा." माझ्याकडं पाहूनसुद्धा बोलले नाहीत, चष्मा पुसत बोलले. बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या, पण त्यातली एक गालातल्या गालात हसली, ते मी पाहिलं. कळमेश्वरची ती मात्र माझ्याकडं पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तोही नव्हता म्हणून मला आणखी राग आला. निदान आनंद तरी करायचा ना बाई!

दुसऱ्या दिवशी कळमेश्वरचा लाउडस्पीकरवाला आला. तिच्याच गावचा, गोल चेहऱ्याचा, पानानं ओठ लाल. त्याला लग्नासाठी दोन सेट हवे होते. माझे पाच तयार सेट फळीवर होते. त्यानं एकाचं झाकण उघडलं, लाल टिकली पाहिली, झाकण लावलं. "मी परवा येतो जी. गुलाबी झाला का ठेवून द्या."

तो गेला. मी त्या पाच सेटकडं पाहत बसले. संध्याकाळी सीताबर्डीवर गेले आणि गुलाबी नेलपॉलिशची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्या हाताला लालच शोभेल." मी म्हटलं, "तुम्ही द्या हो मुकाट्यानं."

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. ब्लेडनं पाचही सेटमधली लाल टिकली खरवडली, गुलाबी लावली. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात तिला अडकवायचं नव्हतं. मला फक्त माझे सेट कोणीतरी हौसेनं उचलून न्यायला हवे होते. तो माणूस आला, झाकण उघडलं, खूष झाला. "हे पा, याले म्हणते सेट!" दोन घेऊन गेला. माझेच सेट. मी दिवसभर गुणगुणत होते.

चौथ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला होता. कळमेश्वरात भर दुपारचं लग्न. मंगलाष्टकं सुरू, अंतरपाट धरलेला, आणि भोंग्यातून आधी घुरघुर, मग धूर, मग काहीच नाही. नवरदेवाच्या मामानं याची गचांडी धरली होती. त्यानं सेट माझ्या टेबलावर आपटला. मालकांनी झाकण उघडलं. ट्रान्झिस्टरची टोपी निळी पडली होती. आणि शेजारी गुलाबी टिकली.

मालक शेडकडं तोंड करून ओरडले. ती पंचा सोडत आली.

बोलायचं होतं का? होतं. शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण डोळ्यांसमोर शेवटचं टेबल दिसत होतं, आणि तारा जोडणाऱ्या बायांच्या रांगेत बसलेली मी. मी मीटरच्या तारा गुंडाळायला लागले.

तिनं सेट जवळ ओढला. टिकलीकडं पाहिलं. मग बोटानं स्क्रूच्या कडेला चाचपलं, तिथं ब्लेडच्या खुणा होत्या हे मला आत्ता लिहितानाही आठवतं. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"माझाच आहे," ती म्हणाली.

मालक काही म्हणायच्या आत तिनं जेवणाचा डबा उचलला, पंचा पिशवीत कोंबला. लाउडस्पीकरवाला पण गडबडला. "अवं, राहू दे नं, माणसाच्या हातून होते," म्हणाला. ती म्हणाली, "नाही भाऊ, तुमची बेइज्जती झाली गावात." आणि चालू लागली. दुपारची वेळ, एसटी संध्याकाळची. इतका वेळ ती कुठं बसली असेल, हा विचार मला दोन दिवसांनी सुचला.

तेव्हा मी स्वतःची अशी समजूत घातली की तिला खरंच तो तिचा सेट वाटला असेल. गुलाबी टिकली, म्हणजे आपलाच. इतके सेट करतो माणूस, कुठवर लक्षात ठेवणार? ही समजूत मी पुढं किती वर्षं उशाशी घेऊन झोपले, विचारू नका.

जळलेला सेट दुरुस्त करायला मी शेडमध्ये नेला. खोलीत सगळ्यांच्या नजरेसमोर तो उघडवेना म्हणून नेला, दुसरं काही कारण नव्हतं. नवीन ट्रान्झिस्टर लावले, पेस्ट लावली, मीटर जोडला, काटा पन्नासवर आणला. टिकली लावायला बाटली उघडते तर काटा साठवर. मला वाटलं, माझाच हात लागला. पुन्हा पन्नासवर आणला. मी हात मांडीवर ठेवून बसले, आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा एकटाच चालायला लागला. साठ. ऐंशी. शंभरच्या पुढं. हीटसिंकवर बोट ठेवलं तर तीन मोजेपर्यंत चटका.

सेट तसाच उचलून मी खोलीत धावले, कूलरसमोर ठेवला, चालू केला. काटा हळूहळू खाली आला आणि शहाण्यासारखा पन्नासवर बसला.

सहा वर्षं मी खसच्या वाऱ्यात बायस ठरवत होते आणि माझे सेट मेच्या उन्हात मंडपाखाली जाऊन मरत होते. आणि ती? तिला मी शेडमध्ये पाठवलं होतं. त्या भट्टीत, तास तास तापवून, ती काटा पन्नासवर आणत होती. त्याहून जास्त गरमी तिच्या सेटला कोणत्या मंडपात मिळणार? तिचे सेट टिकले ते काही अंशी माझ्या जळण्यामुळं टिकले. तिच्यासाठी मी शिक्षा शोधली होती, आणि बक्षीस देऊन बसले.

मी मालकांना सांगितलं. काटा चढताना दाखवला, कूलरसमोर उतरताना दाखवला. आणि म्हटलं, "तो डायोड दूर बसून काय कामाचा? हीटसिंकले चिकटवून लावा." "वा बाई! काय डोकं लावलं!" बाकीच्या बायांना बोलावून सांगितलं. मी तिथं म्हणू शकत होते की हे तिचं डोकं आहे, संक्रांतीला तिनं विचारलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं होतं. मी पदरानं कपाळ पुसलं आणि म्हटलं, "अनुभवानं कळते जी."

कळमेश्वरवाल्याचा दुसरा सेट मी बोलावून घेतला, उरलेले तीन फळीवरून काढले, सगळे शेडमध्ये तापवून ठीक केले. त्यानंतर आमचा सेट बायसपायी कधी जळून आला नाही. शेवटचं टेबल माझंच राहिलं. पण टिकली? लाउडस्पीकरवाले लाल टिकलीला हात लावेनात. मालक म्हणाले, "बाई, गुलाबीच लावा, गिऱ्हाइकाले तीच पाहिजे." लावली. बाटल्यामागून बाटल्या, पुढची सातआठ वर्षं. लोक मला गुलाबी टिकलीवाली बाई म्हणायला लागले. कोणी तसं म्हणून नमस्कार केला की मी हसायची, आणि आतून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. तिच्या सेटमध्येही खोट होती, हेही सांगून टाकते. उन्हात ठरवलेला बायस थंडीच्या सकाळी कमी पडतो, तेव्हा तिचे जुने सेट जरा खरखरायचे. हे मी येईल त्याला सांगायची. खरं होतं म्हणून सांगायची.

नंतर, ऐंशीच्या दशकात, नवऱ्याच्या नात्यातल्या लग्नाला कळमेश्वरला गेले. भर दुपार, मंडप, आणि भोंगा लावलेला. मंगलाष्टकांच्या आधी कोणीतरी हळू आवाजात बायांची गाणी लावली होती. मी जेवता जेवता थांबले. इतका हळू आवाज, आणि इतका स्वच्छ! कुठं खरखर नाही, कुठं ओढ नाही. घागर एका हातातून दुसऱ्या हातात गेली ते कळतसुद्धा नव्हतं. आणि मला ते ऐकू येत होतं, इतक्या वर्षांनी माझा कान तयार झाला होता. पहिल्यांदा काय वाटलं असेल तर तीच जुनी जळजळ. हा सेट माझा नाही.

ताट तसंच ठेवून मी लाउडस्पीकरवाल्याकडं गेले. तोच, गोल चेहऱ्याचा, आता केस पिकलेला. त्यानं मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, झाकण उघडून दाखवता का? मी याच कामातली आहे." त्यानं हौसेनं दाखवलं. डायोड हीटसिंकला चिकटवलेला, मुंगीएवढी जागा न सोडता. मी हीटसिंकवर बोट ठेवलं. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. कोमट होता. आणि स्क्रूवर टिकलीच नव्हती. ना गुलाबी, ना लाल. वर काळ्या डांबराचा साधा ठिपका.

"टिकली नाही?" मी विचारलं.

"इथं आमच्या गावची बाई बनवते हे सेट," तो म्हणाला. "आधी नागपूरले होती, प्रताप नगरात. मी बी म्हटलं तिले, टिकली लाव नं, तुही ओळख राहीन. तं म्हणे, रंगाचं काय भाऊ, तो कोणीही इकत आणते."

माझं बोट हीटसिंकवरच राहिलं.

त्याला बोलायला माणूस मिळाला होता. "माह्याच एका सेटपायी तिचं काम सुटलं. मले लय दिवस लागलं होतं मनाले. मंग एक डाव तिनंच सांगितलं का थो सेट तिचा नव्हताच. मी म्हटलं, मंग बोलली काहून नाही? तं म्हणे, मी बोलली असती तं एका बाईचं टेबल गेलं असतं, आन मले त्याच टेबलावर बसा लागलं असतं जन्मभर. तिचं टेबल तिलेच लखलाभ."

मांडवात अंतरपाट धरला होता. भटजींचा आवाज भोंग्यातून स्वच्छ यायला लागला. त्यानं एका हातानं आवाज थोडा वाढवला आणि मला विचारलं, "तुम्ही प्रताप नगरात होत्या का बाई? ओळखता तिले?"

आता बोलायचं होतं. समोर मालक नव्हते, टेबल नव्हतं, जाण्यासारखं काहीच नव्हतं. दोन शब्द होते फक्त.

"ओळखते नं," मी म्हटलं. "माझ्याच हाताखाली शिकली ती."

"तरीच!" तो म्हणाला, आणि मला बसायला खुर्ची आणायला गेला.